मस्तकातले लोखंड

लोखंडाचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम शस्त्रे उभी राहतात. तलवारी, भाले, तोफांचे गोळे. फार तर नांगराचा फाळ आणि आगगाडीचे रूळ. शाळेच्या पुस्तकात लोहयुगाचा जो धडा असतो तोही याच थाटाचा. तो धडा मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो आहे. परंतु लोखंडाचा आणखीही एक इतिहास आहे आणि तो रणांगणात किंवा भट्टीत घडत नाही, आपल्या कवटीच्या आत घडतो. राजा असो की रंक, पंडित असो की माझ्यासारखा मॅट्रिकपर्यंत मजल मारलेला मास्तर, प्रत्येकाच्या मेंदूत थोडे लोखंड असतेच. जन्माच्या वेळी ते अगदी नाममात्र असते, पुढे वयाबरोबर वाढत जाते. हे लोखंड जिवंत माणसाच्या डोक्यात, त्याच्या केसालाही धक्का न लावता, कसे पाहावे, हा प्रश्न सुटायला सुमारे शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत विद्वत्ता आहे, चिकाटी आहे, आणि सांगायला दुःख होते, पण पापही आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जरा कोरडा वाटेल. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा. गोष्ट आपल्याच डोक्याची आहे.

आरंभ निळ्या रंगापासून करावा लागतो. १८६७ साली मॅक्स पर्ल्स या जर्मन वैद्याने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. शरीरातील मांसाच्या पातळ चकतीवर आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइड यांचे मिश्रण टाकले, की जेथे लोखंड असेल तेथे गडद निळा रंग उमटतो. चित्रकार ज्याला प्रशियन निळा म्हणतात तोच हा रंग. पुढे १८८६ साली झालेस्की नावाच्या संशोधकाने मेंदूतील लोखंडाची रासायनिक तपासणी केली, आणि १९२२ साली ह्यूगो स्पात्झ याने मेंदूत लोखंड कोठे कोठे आणि किती आहे याचा जणू नकाशाच मांडला. ते सगळीकडे सारखे पसरलेले नाही असे त्याला आढळले. मेंदूच्या तळाशी खोलवर, हालचालींचा तोल सांभाळणारी जी केंद्रे आहेत, त्यांत ते मुख्यतः साठते. त्यांतल्या एका केंद्राचे लॅटिन नाव ‘ग्लोबस पॅलिडस’, म्हणजे आपल्या भाषेत ‘फिकट गोळा’; दुसऱ्याचे ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे ‘काळे द्रव्य’. ही नावे उघड्या डोळ्यांना दिसलेल्या रंगांवरून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी ठेवलेली आहेत. त्यांतला फिकट गोळा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची मोठी गंमत होणार आहे.

मोजदादीचे काम १९५८ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे हालग्रेन आणि सुरांदर या दोघांनी केले. वेगवेगळ्या वयाच्या मृतांचे मेंदू घेऊन त्यांनी भागाभागातील लोखंड रासायनिक रीतीने मोजले. फिकट गोळ्याच्या शंभर ग्रॅम मांसात प्रौढ वयात सुमारे २१ मिलिग्रॅम लोखंड निघाले. यकृत हे शरीरातील लोखंडाचे कोठार समजले जाते, पण हा आकडा यकृताहूनही मोठा. बालपणापासून तिशीपर्यंत तो भराभर वाढतो, मग जवळजवळ स्थिर होतो, असेही त्यांना दिसले. आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही या विषयावरचा कोणताही शास्त्रीय लेख उघडा, या दोघांचे नाव त्यात हटकून सापडते. प्रामाणिकपणे केलेली मोजणी किती टिकते, याचे हे उदाहरण मी वर्गात मुद्दाम सांगतो.

येथवर सारे ठीक आहे. परंतु एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आलीच असेल. निळा रंग काय किंवा रासायनिक मोजणी काय, दोहोंनाही मेलेल्या माणसाचा मेंदू लागतो. मृत्यूनंतर सुरी चालवल्यावाचून हे लोखंड दिसत नाही. आणि ज्या शास्त्राला मेलेल्या माणसांची गरज असते, ते शास्त्र वाईट राजवटीच्या हाती लागले म्हणजे काय होते, हे याच विषयाच्या इतिहासात लिहून ठेवलेले आहे.

१९२२ साली ह्यूगो स्पात्झ आणि यूलियस हालरफोर्डेन या दोघांनी एकाच घरातील काही बहिणींना जडलेल्या एका विलक्षण रोगाचे वर्णन केले. मूल चांगले चालते-बोलते असते. मग हळूहळू त्याचे हातपाय ताठ होतात, वाचा अडखळते, बुद्धी मंदावते. मृत्यूनंतर त्या फिकट गोळ्यात लोखंडाचा अतिरेक सापडतो. या रोगाला दोघांची नावे मिळाली आणि वैद्यकाच्या पुस्तकांतून ती पाऊणशे वर्षे छापली गेली. परंतु मधल्या काळात जर्मनीत नाझी राजवट आली. मनोरुग्ण, मतिमंद आणि अपंग माणसे ही राष्ट्रावरचा भार आहेत असे ठरवून त्या राजवटीने १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत सुमारे सत्तर हजार असहाय जीव विषारी वायूने मारले. त्यांत लहान मुलेही होती. त्या वेळी स्पात्झ हा बर्लिनजवळच्या बुख येथील मेंदू-संशोधन संस्थेचा संचालक होता आणि हालरफोर्डेन तेथेच एका विभागाचा प्रमुख होता. मारल्या गेलेल्या शेकडो लोकांचे मेंदू हालरफोर्डेनने संशोधनासाठी स्वीकारले. युद्धानंतर दोघांनाही शिक्षा झाली नाही; दोघेही सन्मानाने काम करीत राहिले. त्या मेंदूंच्या चकत्या संस्थेच्या कपाटांत तशाच पडून होत्या. शेवटी १९९० साली म्यूनिक येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली आणि वर एक स्मृतिशिळा बसवण्यात आली.

२००१ साली अमेरिकेतील सुसान हेफ्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाला कारण होणारे जनुक शोधून काढले. तेव्हा जुने नाव टाकून जनुकाच्या कार्यावरून नवे नाव देण्यात आले. नवे नाव लांबलचक आहे आणि उच्चारायला कठीण. पण ते स्वच्छ आहे. मला वाटते, एखाद्या नावाने जिभेला थोडे कष्ट पडले तरी चालतील, मनाला लाज वाटता कामा नये.

आता चुंबकाकडे वळू.

सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वरची तार छेडली, की तिच्या स्वराशी जुळलेली तरफेची तार कोणी हात न लावताच झंकारते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. १९४६ साली स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की पाण्यासारख्या साध्या पदार्थांतील हायड्रोजनची अणुकेंद्रेही असेच करतात. त्यांना चुंबकाच्या क्षेत्रात ठेवले म्हणजे ती भोवऱ्यासारखी घुमतात, आणि त्यांच्या घुमण्याच्या गतीशी नेमकी जुळणारी रेडिओलहर सोडली तर तिला साद देतात. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चुंबक जितका जोरदार, तितकी भोवऱ्याची गती अधिक. चुंबकाचा जोर मोजण्याचे माप टेस्ला. एक टेस्लाला ही केंद्रे सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लक्ष वेळा घुमतात, दोन टेस्लाला त्याच्या बरोबर दुप्पट. सारे शास्त्र या एका हिशेबावर उभे आहे.

या पायाभरणीत आपल्याकडील माणसांचाही हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकर्ड या त्रयीने मद्यार्काच्या एकाच रेणूतील हायड्रोजन तीन निरनिराळ्या स्वरांत साद देतो हे दाखवले. त्यांतले एस. एस. धर्माट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या शास्त्राची शाखा उभी केली. त्याच १९५१ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील अनुस्पंदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नळीतून वाहणाऱ्या त्या द्रवाचे नाते आज नसांतून वाहणाऱ्या रक्ताच्या चित्राशी जोडले जाते.

सादेवरून चित्र काढण्याची कल्पना १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी मांडली. त्यांचे पहिले चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे होते. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड यांनी गणिताच्या बळावर ते तंत्र जलद केले. रोगट आणि निरोगी मांसाची साद वेगवेगळी असते हे १९७१ सालीच सांगणारे रेमंड डमॅडियन यांनी १९७७ च्या जुलै महिन्यात जिवंत माणसाच्या छातीचे चित्र घेतले. २००३ चे नोबेल मात्र लाउटरबर आणि मॅन्सफील्ड या दोघांनाच मिळाले, आणि डमॅडियन यांनी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन आपला निषेध नोंदवला. विद्वानांच्या घरीही भाऊबंदकी असते, इतकेच म्हणायचे. यंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लियर’ असा शब्द होता. अणुबाँबच्या आठवणीने रोगी घाबरतील म्हणून तो गाळला गेला आणि उरले ते एम. आर. आय.

सुरुवातीची यंत्रे दुबळी होती. डमॅडियन यांच्या पहिल्या यंत्राचा जोर एक दशांश टेस्लाहूनही कमी होता, आणि १९८० च्या सुमारास रुग्णालयांत येऊ लागलेली यंत्रेही बहुधा अर्ध्या टेस्लाच्या आतबाहेर घुटमळत होती. त्यांवर मेंदूची घडण दिसे, गाठ दिसे, पण फिकट गोळ्यातले लोखंड म्हणून काही नजरेत भरत नसे. जोर वाढवावा तर रेडिओलहरींची वारंवारता वाढते, आणि अशा लहरी डोक्यात खोलवर नीट शिरणार नाहीत अशी अनेक जाणत्यांना भीती वाटत होती. तरी काही मंडळींनी हट्टाने दीड टेस्लाचा चुंबक उभारला. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. एवढा जोर आणायचा तर उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये तारांची वेटोळी बुडवून ठेवावी लागतात. मग त्यांतून वीज विनाअडथळा फिरत राहते आणि चुंबक अहोरात्र जागा राहतो. यंत्राचा आवाज थांबला तरी चुंबक झोपत नाही. १९१८ साली कोणी सांगितले असते तर खोटे वाटले असते, पण २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे हाती घेऊन या खोलीत गेलेल्या एका तरुणाला चुंबकाने नळकांड्यासह ओढून घेतले आणि त्याचा जीव गेला. त्या खोलीच्या दाराशी परिचारिका किल्ल्या, पिना, मंगळसूत्र, जोडवी सारे काही काढायला लावते, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्या बायका कुरकुरतात. त्यांना ही हकीकत सांगावी.

दीड टेस्लाची चित्रे आली आणि लोखंड बोलू लागले. आधी रक्ताचा विषय निघाला. प्राणवायू सोडलेले रक्त चुंबकाकडे किंचित ओढले जाते आणि प्राणवायूने भरलेले ओढले जात नाही, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ सालीच दाखवले होते. १९८५ साली गोमोरी आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी मेंदूतील रक्तस्रावाची दीड टेस्लावरील चित्रे प्रसिद्ध केली. सांडलेल्या रक्ताचे वय त्या चित्रांवरून ओळखता येऊ लागले. पाठोपाठ १९८६ साली बर्टन ड्रेयर आणि त्यांच्या मंडळींनी निरोगी माणसांच्या मेंदूची चित्रे तपासली. फिकट गोळा, काळे द्रव्य, तांबडे केंद्र, या जागा चित्रात ठळक काळ्या उमटल्या होत्या. तान्ह्या मुलाच्या मेंदूत हा काळेपणा नव्हता. मृतांच्या मेंदूंवर पर्ल्सचा निळा रंग चढवून पाहिला तेव्हा निळे आणि काळे यांचा मेळ बसला. १८६७ चा रंग आणि १९८६ चा चुंबक यांनी एकमेकांची साक्ष दिली.

आणि ती गंमत पाहा! जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी ज्याला फिकट म्हटले, तोच गोळा चुंबकाच्या चित्रात काळाकुट्ट. डोळा खोटा नव्हता आणि चुंबकही खोटा नव्हता. दोघांनी दोन निराळ्या गोष्टी पाहिल्या, एवढेच.

लोखंडामुळे चित्र काळे का पडते? माझ्या शाळेच्या लेझीम पथकाचा दाखला देतो. पन्नास मुले एका तालावर लेझीम खेळत असली म्हणजे तिचा नाद गावभर जातो. पण रांगेत अधूनमधून दोन-चार खोडकर पोरे उभी राहून शेजाऱ्यांचा ताल चुकवू लागली, की प्रत्येक मुलगा आपापल्या परीने वाजवीतच असतो, तरी एकत्र नाद मात्र विरून जातो. पाण्यातली हायड्रोजनची केंद्रे म्हणजे ही मुले, आणि लोखंडाचे कण म्हणजे खोडकर पोरे. लोखंडाभोवतीचे चुंबकक्षेत्र ओबडधोबड होते, जवळच्या केंद्रांचा ताल बिघडतो, साद लवकर मावळते आणि चित्रात तेथे काळोख पडतो. मोठ्या चुंबकात लोखंडाचा हा खोडसाळपणाही वाढतो. दुबळ्या यंत्रावर न दिसणारा गोळा दीड टेस्लावर का दिसला, याचे उत्तर यात आहे.

हा वाढीचा हिशेब सगळीकडे सारखा नाही. सांडलेल्या रक्तातल्या लोखंडाचा परिणाम साधारणपणे जोराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जोर दुप्पट तर परिणाम चौपट. मेंदूतले लोखंड मात्र मुख्यतः फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळीत साठवलेले असते. लाउफबेर्गर या चेक शास्त्रज्ञाने १९३७ साली घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन वेगळे काढले. त्याच्या एका गोळीत लोखंडाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. त्याचा परिणाम सरळ प्रमाणात वाढतो: जोर दुप्पट तर परिणाम दुप्पट.

याच सरळपणाचा फायदा कॅलिफोर्नियातील जॉर्ज बार्ट्झोकिस यांनी १९९३ साली उठवला. त्यांची युक्ती मला फार आवडते, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. चित्रातला काळेपणा केवळ लोखंडामुळेच येतो असे नाही. मांसात पाणी कमी असले तरी तो येतो. मग लोखंडाचा वाटा वेगळा कसा काढायचा? तूप मोजताना आपण आधी भांड्याचे वजन करतो, मग तुपासह करतो, आणि वजाबाकी करतो. बार्ट्झोकिस यांनी एकाच माणसाच्या मेंदूची दोन चित्रे घेतली, एक अर्ध्या टेस्लाच्या यंत्रावर आणि दुसरे दीड टेस्लाच्या. पाण्यामुळे होणारा परिणाम दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच राहतो; जोराबरोबर वाढतो तो फेरिटिनचा. वजाबाकी केली की उरते ते लोखंड. दुबळे यंत्र टाकाऊ नव्हे, तेही मापाचे दुसरे टोक आहे, ही जाणीव मला या युक्तीत फार मोलाची वाटते. २००७ साली त्यांनी याच रीतीने असेही दाखवले, की मेंदूच्या कित्येक भागांत स्त्रियांच्या ठायी हे लोखंड पुरुषांपेक्षा कमी असते.

तरीही खात्री करून घेणे राहिलेच होते. ते काम २०१० साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाले. नुकत्याच निवर्तलेल्या सात व्यक्तींच्या मेंदूची आधी तीन टेस्लाच्या यंत्रावर चित्रे घेतली गेली, आणि मग त्याच मेंदूंतले लोखंड रासायनिक रीतीने मोजले गेले. दोन्ही आकडे एका सरळ रेषेत बसले. हालग्रेन आणि सुरांदर यांची सुरी आणि चुंबक येथे एकत्र आले.

पुढे जोर वाढतच गेला. १९९८ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात आठ टेस्लाचा चुंबक माणसांसाठी उभा राहिला, १९९९ साली मिनेसोटात सात टेस्लाचा. २०१७ साली सात टेस्लाच्या यंत्राला अमेरिकेत रोगनिदानासाठी सरकारी परवानगी मिळाली. मार्क हाके यांनी सहकाऱ्यांसह, अनुस्पंदनाचा ताल किती घसरला यावरून लोखंड व शिरा उठून दिसतील अशी चित्रणाची पद्धत बसवली. या प्रगतीचे सर्वांत सुंदर फळ काळ्या द्रव्याच्या बाबतीत मिळाले. सात टेस्लावर आणि नीट घेतल्यास तीन टेस्लावरही, काळ्या द्रव्याच्या काळ्या पट्ट्यात एक लहानशी उजळ फट दिसते. तेथे लोखंड कमी असते. ही फट आणि तिच्या दोन बाजूंच्या काळ्या रेघा मिळून पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी आकृती होते. २०१४ साली नॉटिंगहॅमच्या मंडळींनी सांगितले, की कंपवाताच्या रोग्यांत ही शेपटी नाहीशी होते. उजळ फट काळोखात बुडून जाते.

कंपवात हा शब्द माझ्या घरात उपरा नाही. माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. चाळीस वर्षांच्या खातेवह्या त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या. हात थरथरू लागण्याच्याही आधी त्यांचे अक्षर बारीक होत गेले. ओळीच्या आरंभी ज्वारीच्या दाण्याएवढे असलेले अक्षर ओळीच्या शेवटी खसखशीएवढे होई. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी फिल्म नंतर पाहिली. आधी त्यांना चालायला लावले, बोटे उघडझाप करायला लावली आणि एक ओळ लिहून घेतली. मग फिल्म उजेडावर धरून ते म्हणाले, “हे दुसरं काही नाही ना, एवढं बघायला काढलंय. निदान तुमच्या अक्षरानंच केलं, काका.”

मी मध्येच काळ्या द्रव्यातल्या लोखंडाचा विषय काढला. मामा सारे ऐकत होते. त्यांनी दुकानदाराच्या रोखठोकपणाने विचारले, “डॉक्टरसाहेब, म्हणजे विळ्यासारखा गंज चढतो का आमच्या डोक्यात? मग घासून काढा की तो!”

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “गंज म्हणा हवं तर, काका. पण गंजानं विळा मोडला, की मोडकळीला आलेल्या विळ्यावर गंज चढला, हे अजून ठरलेलं नाही. आणि घासायला गेलेल्यांचा अनुभव काही बरा नाही.”

तो अनुभव असा. थॅलॅसेमियाच्या रोग्यांच्या शरीरात साठलेले जादा लोखंड काढण्यासाठी डेफेरिप्रोन नावाचे औषध आहे. ते मेंदूपर्यंतही पोहोचते. युरोपातील वैद्यांनी नुकतेच निदान झालेल्या, अद्याप नेहमीचे औषध सुरू न केलेल्या कंपवाताच्या ३७२ रोग्यांवर त्याची पद्धतशीर चाचणी घेतली. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना नुसती गोळी. मुदत छत्तीस आठवडे. निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. चुंबकाच्या चित्रांत लोखंड कमी झालेले स्पष्ट दिसले. म्हणजे औषधाने नेमून दिलेले काम केले. पण रोगी सुधारले नाहीत. नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांची प्रकृती अधिक ढासळली. ज्या डोपामीनच्या तुटवड्याने कंपवात होतो, ते डोपामीन घडवणाऱ्या विकरालाच लोखंड लागते, हे येथे आठवावे. चित्र सुधारले आणि माणूस बिघडला! विस्मृतीच्या रोग्यांवर याच औषधाचा प्रयोग झाला, त्याचेही फलित २०२४ साली असेच उलटे आले.

यावरून कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? मला तसे वाटत नाही. चित्र नसते तर औषध मेंदूपर्यंत पोहोचलेच नाही असे म्हणून वैद्य मोकळे झाले असते आणि तोच प्रयोग अधिक मात्रेने पुन्हा केला असता. चित्रामुळे एक वाट बंद असल्याचे निश्चित कळले. शास्त्रात बंद वाटेवर पाटी लावणारा माणूसही वाटाड्याच असतो. आणि ज्या मुलांच्या रोगाची हकीकत वर सांगितली, त्यांच्या बाबतीत तर चुंबकाने खरे कल्याण केले आहे. त्यांच्या चित्रात काळ्या गोळ्याच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका दिसतो. वैद्य त्याला ‘वाघाचा डोळा’ म्हणतात. एके काळी जे निदान मृत्यूनंतर सुरीनेच होई, ते आज मूल यंत्रात निजलेले असते आणि त्याची आई उशाशी बसलेली असते, अशा वेळी होते. बुखच्या कपाटांतील त्या चकत्या आठवल्या म्हणजे या साध्या दृश्याचे मोल कळते.

जोराची ही शर्यत थांबलेली नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले येथे ११.७ टेस्लाचे यंत्र उभारले आहे. त्याच्या चुंबकाचे वजन १३२ टन आहे आणि त्यात १८२ किलोमीटर तार गुंडाळलेली आहे. २०२१ साली त्यात पहिला मान मिळाला तो एका भोपळ्याला! आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चुकवून गेली. येथे भोपळाच बिचारा वाघाच्या तोंडी गेला आणि सुखरूप बाहेर आला. माणसांच्या मेंदूची पहिली चित्रे तेथून २०२४ साली बाहेर आली. परंतु जोराची किंमतही मोजावी लागते. सात टेस्लाच्या यंत्रात सरकताना कित्येकांना चक्कर येते, कारण कानाच्या आतील द्रवावर चुंबकाचा परिणाम होतो. रेडिओलहरींनी शरीर तापण्याचा धोका वाढतो, चित्रे ठिकठिकाणी वेडीवाकडी होतात. उलट दिशेनेही लोक चालले आहेत. २०२० साली अमेरिकेत परवानगी मिळालेले एक चाकांचे यंत्र अवघ्या ०.०६४ टेस्लाचे आहे. रोग्याच्या खाटेशी ढकलत न्यावे आणि भिंतीतल्या साध्या विजेवर चालवावे. मेंदूतले लोखंड त्याला फारसे दिसत नाही, पण मध्यरात्री आडगावच्या रुग्णालयात डोक्यात रक्तस्राव आहे की नाही एवढे सांगितले तरी त्याने आपले काम केले. अधिक जोर म्हणजे अधिक दिसणे. पण किती पाहण्याची गरज आहे, हे चुंबक ठरवीत नाही.

मामांचे औषध नियमित चालू आहे. खातेवही आता त्यांची सून लिहिते, पण दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ घालण्याचा मान मामांचाच आहे. गेल्या पाडव्याला त्यांनी तो घातला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. अक्षर लहान होते, किंचित कापरे होते, पण काना-वेलांटीसकट शाबूत होते. त्यांच्या काळ्या द्रव्यात लोखंड किती साठले आहे, हे सात टेस्लाचा चुंबक मला सांगू शकेल. ते अक्षर उमटवणारा हात कशाच्या बळावर स्थिर राहिला, हे सांगणारे यंत्र मात्र अजून व्हायचे आहे.